कटकट वाजवायचं का तेल लावून रगडायचं? सेलूच्या सरांची कंबर आणि आईची पाठ

या वेळचं पत्र सेलूहून आलंय, थोडं कापून देते.

"मॅडम नमस्कार. वय ४१, जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक, रोज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर मोटारसायकल. दीड वर्ष झालं कंबर दुखायलीय आणि मानेची उजवी बाजू धरतीय. एमआरआय काढला तर मणक्यात गॅप आहे, चकती थोडी फुगलीय म्हणले. मेव्हण्याच्या ओळखीनं संभाजीनगरात एका कायरोप्रॅक्टिकवाल्याकडं (हातानं झटका देऊन मणके वाजवतात ते) चार वेळा जाऊन आलो. कटकट वाजवतात, तीन दिवस एकदम भारी वाटतंय, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. ते म्हणतात २४ सिटिंगचं पॅकेज घ्या, तुमची ॲसिडिटी पण जाईल, पण मालिश बंद करा. इकडं गावातले पैलवान मामा दर रविवारी करडईच्या तेलानं मालिश करतात आणि शेवटी पाठीवर उभे राहतात, ते म्हणतात हाडं मोडून घेऊ नको बाबा. आई म्हणती पायाळूची (पायाकडून जन्मलेल्या माणसाची) लाथ घे. दोन्ही सोबत केलं तर चालतं का? आधी काय, नंतर काय? आणि आईची (वय ६३) पण पाठ दुखतीय, पुढच्या खेपेला तिलाही सोबत घेऊन जाऊ का?"

सर, शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय पण मी आधी त्याचंच उत्तर देते. आईला नेऊ नका. निदान आत्ता तरी नका, का ते खाली सांगते. तोवर तुमच्याबद्दल बोलू.

आधी एक सांगून टाकते, मी फिजिओथेरपिस्ट आहे, जालन्यात बसते, म्हणजे तुमचे कायरोप्रॅक्टिकवाले आणि पैलवान मामा दोघांच्याही दृष्टीनं मी तिसरी दुकानदार. त्यामुळं माझं पण थोडं हातचं राखूनच ऐका. पण दोघंही तुम्हाला म्हणायलेत की दुसऱ्याकडं जाऊ नको, तर त्यात तुमच्या कंबरेची काळजी किती आणि गिऱ्हाईक तुटायची काळजी किती हे तुम्हाला पण कळतंय, नाहीतर पत्र लिहिलंच नसतं.

सरळ उत्तर: हो, दोन्ही सोबत चालतं. आणि आधी मालिश, मग वाजवणं. उलटं नाही. कारण असं आहे बघा, कंबर दुखायला लागली की तिच्या आजूबाजूचे स्नायू आखडून बसतात, जणू दाराला टेकून उभं राहावं तसे, कुणाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून. अशा आखडलेल्या पाठीवर कुणी झटका दिला तर त्याला आधी त्या स्नायूंशी कुस्ती खेळावी लागते, म्हणजे जोर जास्त लागतो, आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते वेगळंच. तेच जर आधी पंधरा-वीस मिनिटं शेक आणि हलक्या हातानं मालिश झाली असेल तर सांधा कमी जोरात हलतो, कधीकधी तर नुसत्या हळूहळू हलवण्यानंच मोकळा होतो, झटक्याची गरजच पडत नाही. आमच्याकडं पण मी तसंच करते, आधी शेक, मग हात, मग सांधा. ज्या ठिकाणी दोन्ही एकाच छताखाली करतात तिथं हाच क्रम असायला पाहिजे.

पण तुमची गोष्ट एका छताखालची नाही ना. तुम्ही रविवारी मामांकडून घट्ट रगडून घेता आणि मग संभाजीनगरची गाडी धरता. मामांची मालिश म्हणजे तालमीतली मालिश, ती एक-दोन दिवस अंगात राहते, ठणका असतो. वाजवल्यावर पण एक-दोन दिवस थोडं दुखणं, थकल्यासारखं होणं हे नेहमीचंच आहे. दोन ठणके एकावर एक चढवले तर कशानं दुखायलंय तेच कळत नाही, आणि मग दोघंही एकमेकांवर ढकलणार. म्हणून जोरातली मालिश आणि वाजवणं यात दोन दिवस मोकळे सोडा. वाजवायच्या दिवशी घरी वहिनींकडून कोमट तेलानं हलका हात आणि गरम पाण्याची पिशवी, एवढं बास. आणि वाजवून आल्यावर त्याच दिवशी मामा नाहीत. मोटारसायकलवर साठ किलोमीटर पण नाही शक्यतो. तुम्ही रेल्वेनं जाता का ते लिहिलं नाही पण सेलूहून संभाजीनगर मोटारसायकलवर करत असाल तर सर खरंच हात जोडते.

तेलाचं पण बोलते कारण ते नेहमी विचारतात लोक. करडई, तीळ, मोहरी, महानारायण, कुठलंही घ्या. तेल काही कातडीतून मुरत मुरत मणक्यापर्यंत जात नाही, ते हात सरकायला असतंय. ऊब आणि दाब हे खरं काम करतात. आपल्याकडं करडई घरातच असती म्हणून करडई, बाकी त्यात काही गुपित नाही.

आता तो कटकट आवाज. सगळा खेळ त्या आवाजाचाच झालाय, रीलवाले तर मानेजवळ माईक लावून आवाज टिपायलेत. लोकांना वाटतं हाड सरकलं होतं ते जागेवर बसलं. तसं काही होत नाही सर. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं, त्यात वायू विरघळलेला असतो, सांध्याची दोन टोकं झटक्यात लांब झाली की आतला दाब पडतो आणि एक पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडल्यावर येतो तोच. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी एमआरआय मशीनमध्ये बोट ओढून हे प्रत्यक्ष बघितलंय. एकदा वाजलं की साधारण वीस मिनिटं तोच सांधा पुन्हा वाजत नाही, तुमच्या वर्गातल्या पोरांना विचारा, त्यांना हे पाठ असतं. म्हणजे आवाज आला म्हणजे इलाज झाला असं नाही आणि नाही आला म्हणजे पैसे वाया गेले असंही नाही. मग तीन दिवस बरं का वाटतं? तर तो झटका आणि ती हालचाल यानं मज्जातंतूंना एक वेगळी खबर जाते, दुखण्याचा आवाज थोडा दबतो, आखडलेले स्नायू ढिले पडतात. मालिशचं पण बरंचसं तसंच आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, खोट्या नाहीत, फक्त त्या थोड्या दिवसांच्या आहेत. तुमचा तीन दिवसांचा अनुभव एकदम बरोबर आहे, तुमचं शरीर काही वेगळं नाही.

आणि गॅप! मराठवाड्यात दर दुसऱ्या माणसाच्या मणक्यात गॅप आहे. गंमत अशी की बहुतेक वेळा गॅप आलेला नसतो, असलेला गॅप कमी झालेला असतो. दोन मणक्यांमधली चकती वयानुसार सुकते, तिच्यातलं पाणी कमी होतं, जागा आक्रसते. आणि हे केस पांढरे होण्यासारखं आहे. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन गोळा करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, त्यात चाळिशीतल्या लोकांपैकी निम्म्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. निम्म्यांच्या! आणि दुखत काहीच नव्हतं. विशीतल्या पोरांमध्ये सुद्धा ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजायला लागल्या होत्या. त्यामुळं तो रिपोर्ट कपाटात ठेवा आणि रोज काढून वाचू नका. तुमचं पायात कळ जाणं, मुंग्या येणं असं काही पत्रात नाही, म्हणजे नस दबलीय असं मला तरी दिसत नाही, पण हे तपासूनच नक्की सांगता येतं, पत्रावरून नाही.

ॲसिडिटी जाईल म्हणले ते मात्र मला आवडलं नाही. याचं मूळ जुनं आहे. कायरोप्रॅक्टिक सुरू झालं १८९५ साली, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात. डॅनियल डेव्हिड पामर नावाचा माणूस, त्याआधी हातातल्या चुंबकशक्तीनं आजार बरे करायचा धंदा करायचा. त्यानं एका ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं अशी गोष्ट सांगतात, आणि मग पामरनं ठरवलं की जवळपास सगळे रोग मणका सरकल्यानंच होतात. कानाची नस काही पाठीच्या मणक्यातून जात नाही, पण ते असू द्या. आज या विद्येतले शहाणे लोक फक्त कंबर, मान, सांधे एवढ्याच गोष्टींबद्दल बोलतात आणि तेवढ्यात त्यांचं काम चांगलं असतंय. पण ॲसिडिटी, शुगर, बीपी, दमा, मूल होत नाही, असं सगळं मणका वाजवून बरं करतो म्हणणारा भेटला की ओळखायचं आपण १८९५ मध्ये बसलोय. तुमची ॲसिडिटी बहुतेक कंबरेसाठी घेतलेल्या पेनकिलरची आणि मधल्या सुट्टीतल्या चहाची आहे. उपाशीपोटी गोळ्या खायलात का ते आधी बघा.

दुसरं म्हणजे आपल्या देशात डॉक्टरांसारखी कायरोप्रॅक्टिकची वेगळी कौन्सिल नाही, त्यामुळं बोर्ड कुणीही लावू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये लिहून ठेवलंय की याचं पूर्ण शिक्षण चार वर्षांचं, निदान ४२०० तासांचं पाहिजे. आणि आपल्याकडं सात दिवसांचा कोर्स करून, हातात हातोडी घेऊन, मान पट्ट्यात अडकवून ओढणारे बसलेत. तर पुढच्या वेळी सरळ विचारा, सर तुमचं शिक्षण कुठं झालं, किती वर्षांचं? तुम्ही शिक्षक आहात, सर्टिफिकेट बघायची लाज कशाला. खरा माणूस चिडत नाही, भिंतीवर बोट दाखवतो.

मानेचं मात्र मी जरा कडक बोलते. कंबर वाजवणं आणि मान वाजवणं या एकसारख्या गोष्टी नाहीत. मानेच्या मणक्यांमधून दोन रक्तवाहिन्या वर मेंदूकडं जातात. मान झटक्यात पिळली तर क्वचित, अगदी क्वचित, पण त्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटू शकतो, तिथं गुठळी होते आणि मग लकवा. क्वचित आहे म्हणून घाबरायचं नाही, पण मानदुखीला दुसरे चांगले उपाय असताना ती जोखीम घ्यायची कशाला, असं माझं मत. त्यामुळं मान वाजवू नका म्हणून त्यांना स्पष्ट सांगा, मालिश आणि व्यायाम मानेला पुरतो. आणि सर, सलूनमध्ये कटिंग झाल्यावर चंपी करून कटकन मान फिरवतात ना, ते तर पूर्ण बंद, फुकट असलं तरी. मान वाजवल्यावर कधी नव्हे अशी मान किंवा डोकं दुखायला लागलं, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोबडं बोलणं, एका बाजूचा हातपाय जड, यातलं काहीही झालं तर वाजवणाऱ्याला फोन करत बसायचं नाही, सरळ दवाखाना, त्याच तासाला.

कंबरेच्या बाबतीत पण काही गोष्टी दिसल्या तर ना मालिश ना वाजवणं. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधीर वाटायलं, पाऊल उचलंना, चप्पल पायातून निसटायली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना, उद्या नाही. आणि एक आपल्याकडचं खास, जे परदेशी पुस्तकातून शिकलेला माणूस विसरू शकतो: रात्री बारीक ताप, वजन उतरणं, घाम, आणि झोपलं तरी न थांबणारी पाठदुखी. हा मणक्याचा टीबी असू शकतो. तो बरा होतो, सरकारी औषधं फुकट आहेत, पण टीबीनं पोकळ झालेल्या मणक्यावर कुणी उभं राहिलं तर काय होईल विचार करा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर मालिश पण नाही, आधी डॉक्टर.

आता आई. तुम्ही लिहिलंय वय ६३, पाठ दुखतीय, बास एवढंच. मी तुम्हाला चार प्रश्न विचारते, तुम्ही तिला विचारा. उंची कमी झालीय का, म्हणजे पूर्वी ज्या फळीवरचा डबा हाताला लागायचा तो आता लागत नाही असं? पाठीला बाक आलाय का? कधी नुसतं घसरून पडून मनगट मोडलंय का? आणि गर्भपिशवीचं ऑपरेशन झालंय का, झालं असेल तर कितव्या वर्षी? शेवटचा प्रश्न मी दर मावशीला विचारते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशवीच्या ऑपरेशनचा विषय गाजला, सरकारनं चौकशी समिती नेमली, पण हे काही फक्त बीडचं नाही, आपल्या सगळ्या भागात तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बाया घरोघरी आहेत. पिशवीसोबत अंडाशय पण काढलेलं असलं की पाळीचं वय एका झटक्यात संपतं आणि हाडं तेव्हापासून ठिसूळ व्हायला लागतात, अंडाशय ठेवलं तरी पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडं येऊ शकतं. म्हणजे पस्तिशीत अंडाशयासकट ऑपरेशन झालेल्या बाईचं हाड साठीला पंचवीस वर्षं झिजत आलेलं असतं. वरून जन्मभर वाकून कापूस वेचलेला, आणि दूध घरातल्या सगळ्यांना देऊन उरलं तर हिला. अशा पाठीला झटका दिला तर मणका दबू शकतो, आणि पायाळूची लाथ, मामांचं उभं राहणं, हे तर विचारूच नका. माझ्याकडं एक मावशी आल्या होत्या, नातवाला पाठीवर चालायला लावलं होतं, सहा वर्षांचा पोरगा, बरगडी गेली. त्यांचा काय दोष, नेहमी असंच करत आलेल्या.

तर आईचा आधी साधा एक्सरे, जमलं तर हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. संभाजीनगरला न्यायचंच असेल तर हाडांच्या डॉक्टरकडं न्या. हाडं ठिसूळ निघाली तर त्यावर चांगली औषधं आहेत. तोवर शेक, हलका हात, आणि खाली बसून भाकऱ्या थापायच्या बंद, ओटा नसेल तर टेबल द्या तिला एक.

पायाळूबद्दल हसू नका म्हणून सांगते, मी स्वतः घेतलीय ती लाथ. बारावीला होते, हंडा उचलताना पाठीत उसण भरली, आज्जीनं शेजारच्या पायाळू काकूंना बोलावलं, त्यांनी उंबऱ्यात उभं राहून पाय लावला, पाय म्हणजे अगदी हळू, मला वाटलं देवाला लावावा तसा. दोन दिवसांत उसण गेली. आता शिकल्यावर कळतं की उसण नाहीतरी चार-आठ दिवसांत बहुतेकांची आपोआपच जाते. श्रेय मात्र अजून काकूंनाच आहे आमच्या गल्लीत. आईचं मन राखायचं असेल तर तेवढा पाय लावून घ्या, लाथ नको.

मग तुमच्या दीड वर्षाच्या दुखण्याचं काय? ते तीन दिवस बरं वाटतंय ना, तेच तुमचं भांडवल आहे. आत्ता तुम्ही त्या तीन दिवसांत काय करता? बरं वाटलं म्हणून मोटारसायकल जोरात, शेतावर पोतं उचलणं, आणि निवडणुकीच्या याद्या घेऊन मोबाईलमध्ये मान घालणं. चौथ्या दिवशी दुखणार नाही तर काय होणार. त्या तीन दिवसांत व्यायाम सुरू करायचा, कारण तेव्हा दुखत नाही म्हणून तो जमतो. रांगायच्या अवस्थेत मांजरासारखी पाठ वर-खाली, दहा वेळा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, सेतू म्हणतात तो, दहा वेळा, पाच सेकंद थांबून. भिंतीला डोकं टेकून हनुवटी आत ओढायची, दिवसात तीन-चारदा, वर्गात फळ्याजवळ उभं राहून पण होतं. आणि अर्धा तास चालणं. पहिले दोन आठवडे एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जे सांगितलंय त्यात व्यायाम आहे, मालिश आहे, मणका हलवण्याचे उपचार पण आहेत, आणि नको म्हणून सांगितलंय ते कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ओढणं. ते ऐकून आमच्याच लाइनीतले बरेच जण नाराज झाले, कारण पट्टा आणि वजन हे आमचं जुनं हुकमी दुकान. तुमच्याकडं पट्टा असेलच, मोटारसायकलवर लावत असाल तर हळूहळू सोडा. आणि ती पाठीवरची सॅक, त्यात वह्यांचे गठ्ठे असतात तुमच्या, ती टाकीवर नाहीतर कॅरिअरला बांधा.

पॅकेजचं: २४ चं घेऊ नका. तुमच्या चार झाल्यात, अजून दोन करा, फक्त कंबरेच्या, पंधरा-पंधरा दिवसांनी, व्यायाम चालू ठेवून, सुटे पैसे देऊन. सहा झाल्यावर तीनाचे सात-आठ दिवस झाले, गोळ्या कमी झाल्या, तर ठीक चाललंय, मग हळूहळू अंतर वाढवून बंद करा. काहीच फरक नाही पडला तर सातवी करायचं कारण नाही. जे सहात झालं नाही ते चोवीसात पण होत नसतं शक्यतो, आणि आगाऊ पैसे भरले की माणूस बरं वाटो न वाटो, पैसे वसूल करायला जातच राहतो, ते तुम्ही घेतलेल्या जिमच्या वर्षाच्या पासासारखं. नाही घेतला? मग भाग्यवान आहात.

आणि मामा. त्यांची मालिश चालू ठेवा की, रविवारी अर्धा तास कुणी मायेनं पाठ रगडतं हे काय कमी आहे, फक्त मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मणक्यावर नाही, आणि उभं राहणं बंद. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं हा तुमचा खरा प्रश्न असणार, तर सांगा की जालन्याच्या मॅडमनं चकतीचं कारण देऊन दोन महिने मनाई केलीय. दोन महिन्यांनी पुन्हा दोन महिने वाढवा. आईचा एक्सरे झाला की कळवा मला.